सावलीतल्या परड्यात उंच रानफुलं

मागचं परडं सावलीत आहे म्हणून तिथं काही येत नाही, असं बेळगावात कितीतरी घरांत ठरूनच गेलेलं असतं. शहापूर-वडगावच्या जुन्या लांबट घरांत मागं विहीर, एखादा फणस नाहीतर आंबा आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. नव्या वसाहतींत घर आणि कंपौंड यांच्यामधली सहा-सात फुटांची पट्टी. गुलाब, झेंडू, शेवंती तिथं रडतच वाढणार, हे खरं आहे. पण जांबोटी, कणकुंबी, खानापूरकडच्या रानात मोठ्या झाडांखाली माणसाच्या उंचीची फुलझाडं दरवर्षी पावसात उभी राहतात आणि तीही सावलीतच. तीच जात परड्यात आणली तर सावलीची अडचण उरत नाही.

उजेड किती, यापेक्षा उजेड कधी

खड्डा खणण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी बाराचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. घराच्या उत्तरेकडच्या परड्यात वर्षभर सावली असते असं वाटतं, पण या तीन महिन्यांत तिथं वरून थेट उजेड येतो, ढगाआडून का होईना. डिसेंबरात उलट होतं. सूर्य दक्षिणेला इतका कलतो की २० फूट उंच घराची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे सुमारे १६ फूट पडते.

म्हणून उत्तरेच्या परड्यात पावसाळ्यात वाढून पावसाळ्यातच फुलणारी झाडं लावावीत: पेव, भारंगी, तेरडा. थंडीत फुलणाऱ्या दशमुळीला मात्र हिवाळ्यात थोडा तिरपा उजेड मिळेल अशी जागा द्यावी. ती मुळात पानगळीच्या रानातली आहे. तिथं ती फुलते त्या दिवसांत वरची झाडं पानं टाकू लागलेली असतात आणि खाली उजेड उतरतो. आंबा-फणसाच्या अगदी बुंध्याशी बाराही महिने अंधार असतो, तिथं कोणतंच उंच फुलझाड नीट फुलत नाही. फांद्यांचा घेर जिथं संपतो त्या कडेला लावावं.

जागा तपासायला एकदा जूनमध्ये आणि एकदा जानेवारीत, सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत दर दोन तासांनी परड्यात जाऊन पाहा. ऊन कुठं पडतं तिथं चुन्याने खूण करा. रोज दोन-तीन तास पानांतून गाळून येणारा उजेड आला तरी पुढं दिलेली सगळी झाडं फुलतात. त्याहून कमी असेल तर पानं छान येतील, फुलं थोडीच.

माती आणि पाणी

बेळगाव-खानापूरची तांबडी माती या झाडांना घरचीच आहे. त्रास दोन ठिकाणी होतो. पहिला म्हणजे नव्या घरांमागं पुरलेलं डबर: सिमेंटची ढेकळं, चुना, विटांचे तुकडे. यातला चुना मातीत विरघळत राहतो, मग झाडाला लोह घेता येत नाही आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. याला खत हा उपाय नाही. दीड फूट खोल खणून डबर बाहेर काढा आणि नवी माती भरा. दुसरा त्रास खाली घट्ट मुरूम किंवा जांभा लागला तर होतो, पाणी तिथंच थांबतं.

तपासायची रीत सोपी आहे. एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढून पाण्याने भरा. ते जिरलं की लगेच पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांत उतरलं तर जागा चांगली. रात्रभर राहिलं तर खाली खणत बसू नका, वर चढा: चिऱ्याचे तुकडे कडेने लावून ८ ते १२ इंच उंच वाफा करा. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत हा उंच वाफा करायलाच हवा. ती माती ओली असताना तुडवू किंवा खणू नये, वाळल्यावर विटेसारखी होते.

वाफ्याचं मिश्रण तांबड्या मातीसाठी दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेला पालापाचोळा आणि एक घमेलं जाड वाळू. काळ्या मातीसाठी तिन्ही सारखी. वर चौरस मीटरला एक घमेलं पूर्ण मुरलेलं शेणखत, तेही लावणीच्या वेळी एकदाच. युरिया किंवा ताजं शेण घालू नका. सावलीत नत्र जास्त झालं की खोड लांबट, पोकळ आणि मऊ होतं आणि श्रावणातल्या पहिल्या वाऱ्याच्या पावसात आडवं होतं. उंच झाडं पडण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

पालापाचोळा जाळणं या परड्यांचं फार मोठं नुकसान करतं, कारण या झाडांचं खरं अन्न तेच आहे. फेब्रुवारी-मार्चात पडणारी पानं एका कोपऱ्यात तीन फूट उंच रचा आणि दर आठवड्याला भिजवा. आंब्याचं पान चिवट, त्याला वर्ष लागतं. अर्धं कुजलेलं असेल तर मातीत न मिसळता वरून दोन इंच पसरा.

पागोळ्यांची रेघ सोडा. कौलांवरून पडणारी धार माती उकरते, कोवळे कोंब मोडते आणि पानांवर चिखल उडवून बुरशी लावते. त्या रेघेत खडी टाका. घराच्या भिंतीपासून दीड फूट जागाही मोकळी ठेवा. भिंतीला ओल येत नाही, आणि साप-विंचू बसले तर दिसतात.

कोणती झाडं

पेव हा या परड्याचा राजा. कन्नड बोलणाऱ्या रोपवाटिकेत मागायचं तर चंगलकोष्ठ म्हणावं. शास्त्रीय नाव कॉस्टस स्पेसिओसस. जमिनीखाली आडवा कंद, वर जिन्यासारखी गोल फिरत चढणारी पानं, पाच ते सात फूट उंची आणि टोकाला लाल कणसातून एक-दोन करत उमलणारी पांढरी, कागदासारखी पातळ फुलं. जुलै ते सप्टेंबर बहर. रोपवाटिकेत पेव म्हणून ‘इन्शुलिनचं झाड’ हातात पडण्याची शक्यता असते. ते दक्षिण अमेरिकेतलं, बुटकं आणि नारिंगी फुलाचं. फूल पाहूनच घ्यावं, किंवा ज्याच्या परड्यात पेव आहे त्याच्याकडून कंद मागावा.

कंद एप्रिलच्या शेवटी, वळवाचा पाऊस पडण्याच्या सुमारास खणा. तीन-चार इंचांचे तुकडे करा, प्रत्येकावर निदान दोन डोळे हवेत. कापलेल्या बाजूला चुलीची राख लावून दोन दिवस सावलीत सुकवा. मग दोन-अडीच इंच खोल, आडवे, डोळे वर करून, दोन-दोन फुटांवर लावा. न सुकवता लावलेला तुकडा ओल्या मातीत कुजतो. कंद मिळाला नाही तर बहर संपल्यावर खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे ओल्या वाळूत आडवे दाबले तरी पेरांतून कोंब येतात. कणसावर मुंग्या दिसतील. त्या तिथल्या गोड रसासाठी येतात, झाडाला काही करत नाहीत, औषध मारू नका. पेव पसरतो. शेजारी इतर झाडं असतील तर एक फूट खोल कौलाचे तुकडे उभे पुरून त्याला हद्द घाला.

भारंगी, कन्नडात गंटुभारंगी. चार ते सहा फुटांचं झुडूप, पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना फिकट निळ्या-पांढऱ्या फुलांचे तुरे. कोवळ्या पानांची आणि फुलांची भाजी करतात हे वेगळं सांगायला नको. मुळांतून येणारा फुटवा मुळासकट काढून जूनमध्ये लावणं सगळ्यांत सोपं. नाहीतर पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची जून फांदी मेअखेर तिरपी खोचा, दोन पेरं मातीत आणि दोन वर. भारंगीचं फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, म्हणून छाटणी चुकली की त्या वर्षी फूल नाही. फेब्रुवारी-मार्चात सगळं झाड फूटभर ठेवून कापा. जूनच्या मध्यापर्यंत शेंडे खुडले तर फांद्या वाढतात. जुलैच्या मध्यानंतर भाजीसाठीसुद्धा शेंडा खुडू नका, तुरा त्यातच असतो. भाजी हवी तर बाजूची कोवळी पानं घ्या.

दशमुळीला कोणी रानअबोलीही म्हणतं. शास्त्रीय नाव एरांथेमम रोझियम. साडेतीन-चार फूट उंच, डिसेंबर ते मार्च फुलणारी. फूल उमलताना गडद निळं आणि सुकताना लालसर जांभळं, त्यामुळे एकाच कणसावर दोन रंग दिसतात. सह्याद्रीच्या रानातलं हे इतकं देखणं झाड बागांतून इतकं कमी दिसतं, याचं वाईट वाटतं. पुनर्वसू-पुष्याच्या पावसात, म्हणजे जुलैमध्ये, चार-पाच इंचांच्या, दोन-तीन पेरांच्या फांद्या वाळू-माती सारखी घेतलेल्या पिशवीत लावा, खालची पानं काढून टाका. महिनाभरात मुळं धरतात. सप्टेंबरात जमिनीत हलवा, म्हणजे पाऊस संपायच्या आत रोप बसतं. एप्रिलमध्ये निम्म्यावर छाटा, नाहीतर खालून उघडं पडतं.

तेरडा एका पावसाचा. रानचा एकेरी फुलाचा तेरडा सावलीत दोन-अडीच फूट सहज जातो. दुकानातल्या पाकिटांतले दुहेरी, बुटके तेरडे त्या कामाचे नाहीत. पेरल्यापासून फुलायला सहा ते आठ आठवडे लागतात. ज्यांच्याकडे तेरड्याची गौर आणतात त्यांनी पंचांगात गौरी-आवाहनाची तारीख पाहून तिथून दहा आठवडे मागं मोजावं आणि त्या दिवशी पेरावं. बी भुरभुरून जेमतेम झाकेल इतकीच माती टाका, आठवड्याभरात उगवतं. चार पानं झाली की नऊ-नऊ इंचांवर एकच रोप ठेवून बाकीची काढा. ही विरळणी करायला जीव होत नाही, पण दाट तेरडा लांबट होतो आणि बुडाशी कुजतो. उंची हवी असेल तर शेंडा खुडू नका.

कळलावी वेल आहे. पाय सावलीत आणि डोकं उजेडात अशी तिची मागणी असते, म्हणून कंपौंडच्या कडेला, वर थोडं ऊन असेल तिथं छान जाते, आठ-दहा फूटसुद्धा. पानाच्या टोकाचा आकडा गुंडाळून ती चढते. जाड बांबूला तिला पकड मिळत नाही, पेन्सिलीहून बारीक काटक्या किंवा सुतळी लावा. कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, डोळा फक्त टोकाला. टोक मोडलं तर कंदाची ती बाजू वाया गेली. मे महिन्यात दोन-तीन इंच खोल आडवा ठेवावा. पण या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बी सगळ्यांत जास्त, आणि कंद रताळ्यासारखा दिसतो. घरात लहान मुलं असतील, गाय-शेळी परड्यात येत असेल, तर कळलावी लावूच नका. लावलीत तर हातमोजे घालूनच कंद हाताळा.

पुढच्या कडेला रानहळद हवी. ती उंच नाही, दीड-दोन फूट, पण तिची गुलाबी शेंड्याची कणसं उंच झाडांच्या उघड्या पायांना झाकतात. कारवीचा मोह होईल. तिच्या झाडीला फुलायला सात-आठ वर्षं लागतात आणि फुलून बी झालं की ती मरते. दहा फुटांच्या परड्यात तेवढी जागा अडवून ठेवणं परवडत नाही.

कंद किंवा रोपं जंगलातून उपटून आणू नका. भीमगड अभयारण्यातून काही काढणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाहेरच्या रानातही औषधासाठी कळलावीचे कंद इतके खणले गेले आहेत की आता ती पूर्वीसारखी दिसत नाही. वरून, ऐन बहरात उपटलेलं झाड जगत नाही. औषधी वनस्पतींच्या आणि वन खात्याच्या रोपवाटिकांत, ओळखीच्यांच्या परड्यांत विचारा.

दहा फूट बाय पाच फुटांचा वाफा

मागची रांग भिंतीकडच्या कडेपासून एक फूट आत. डाव्या टोकापासून एक फुटावर भारंगी, मग तीन, पाच आणि सात फुटांवर पेव, नऊ फुटांवर पुन्हा भारंगी. तिच्यापुढं दोन फुटांवर दशमुळीची चार रोपं, दोन, चार, सहा आणि आठ फुटांवर, म्हणजे मागच्या झाडांच्या मधल्या फटीत येतात. उरलेल्या पुढच्या पट्टीत एका टोकाला रानहळदीचे चार-पाच कंद फूटभर अंतराने आणि बाकी जागेत तेरडा. नोव्हेंबरात पेव पिवळा पडून बसतो आणि त्याच वेळी दशमुळीला कळ्या येतात. पेव गेल्याने मोकळा झालेला उजेड तिला मिळतो. ही जोडी म्हणूनच ठेवली आहे.

जूनअखेरीस आर्द्रा लागल्या की, झाडं दोन फुटांची असतानाच, पेवाभोवती सहा फुटांच्या तीन बांबूकाठ्या रोवा. दोन फुटांवर आणि चार फुटांवर सुतळीचे सैल फेरे घ्या. पडलेलं झाड उभं करून बांधू गेलं तर खोड मोडतं. भिंतीमुळे उजेड एकाच बाजूने येत असेल तर झाडं तिकडे कलणारच. भिंतीला पांढरा चुना दिला की कल बराच कमी होतो.

काय बिघडतं

गोगलगाय सगळ्यांत आधी. मृगाच्या पहिल्या पावसानंतर पेवाचे आणि रानहळदीचे कोंब ती एका रात्रीत साफ करते, आणि आपल्याला वाटतं कंद उगवलाच नाही. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याजवळ पसरा, खाली पपईची पानं ठेवा. सकाळी उचलून खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीवर टाकू नका, ते मुळांना जाळतं. राखेचं कडं पावसात टिकत नाही. सलग दोन आठवडे हे केलं तर कोंब हातभर होतात, मग धोका कमी.

पेव किंवा हळदीचं पान कडेपासून पिवळं, खोड ओढताच हातात येतं आणि बुडाला घाण वास: कंद कुजतो आहे. पाणी साचल्याशिवाय हे होत नाही. कंद उकरून चांगला भाग कापून घ्या, राख लावून सुकवा आणि उंच वाफ्यात लावा. त्याच खड्ड्यात पुन्हा नको.

कळलावीवर काळी, लाल ठिपक्यांची अळी येते आणि वेल चार दिवसांत काड्यांवर आणते. सकाळी हाताने वेचा. हळदीचं पान गुंडाळून आत बसणारी अळी एका फुलपाखराची असते, पाच-सहा पानं गेली तरी झाडाचं काही अडत नाही, राहू द्या. पाऊस ओसरताना तेरड्यावर पांढरी भुरी आली तर त्याचं आयुष्य संपतच आलेलं असतं, फवारणी वाया जाते.

पण गोगलगायीपेक्षाही जास्त झाडं मरतात ती उन्हाळ्यात, मायेने पाणी घातल्यामुळे. डिसेंबर ते एप्रिल पेव, रानहळद आणि कळलावी जमिनीखाली झोपलेली असतात. वर काही दिसत नाही म्हणून रोज तांब्याभर पाणी घातलं की कंद कुजतो, आणि मोकळी जागा दिसली म्हणून कोणीतरी तिथंच खुरपं चालवतं. पानं वाळली की प्रत्येक कंदाशी एक काठी रोवून नाव लिहा. पेवाला पंधरा दिवसांतून एकदा माती जेमतेम ओलसर होईल इतकं पाणी, कळलावीला अजिबात नाही. भारंगीला दहा दिवसांनी, दशमुळीला फुलं संपेपर्यंत आठवड्याला एकदा भरपूर. वाळलेली पानं वाफ्यावरच पसरू द्या.

तेरड्याची बोंडं हिरवट पिवळी झाली की हात लावताच फुटतात. बी ठेवायचं असेल तर बोंडाखाली ओंजळ धरून मग दाबा, कागदावर चार दिवस सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. बाकीची तिथंच फुटू द्या, पुढच्या मृगात आपोआप उगवतील. पेवाचा ताटवा तिसऱ्या-चौथ्या वर्षी मधोमध विरळ होतो. तेव्हा एप्रिलअखेर सगळा खणून कडेचे ताजे तुकडे पुन्हा लावा, आणि उरलेले कंद शेजारच्या परड्यात द्या.